मंदाचा दुसरा डबा

भिवंडीच्या कामतघर वस्तीत एक बातमी बरेच दिवस पदराआडून फिरत होती. मंदा शेलारने या वयात कोणीतरी ठेवलाय.

'ठेवलाय' हा शब्द वनिताचा. चाळीत वनिताची खोली मंदाच्या खोलीला लागून, आणि मधली भिंत अशी की इकडे मिरची फोडणीला पडली की तिकडे शिंक येते. तर वनिताने बातमी पुराव्यासकट दिली. मंदा एकटी राहते. नवरा जाऊन कैक वर्षं झाली, मुलगा सुगत नाशिकला नोकरीला. तरी बाई रोज सकाळी डबे भरते दोन. आधी एकच भरायची. गोदामावरची पाटी बदलली तेव्हापासून दोन. "एकट्या बाईला दोन डबे कशाला गं लागतात?" हा प्रश्न वनिताने नळावर टाकला. बादली भरेपर्यंत तीन बायकांनी तीन उत्तरं दिली, तिन्ही मिशीवाली.

मंदाला जे ओळखतात त्यांना हे ऐकून आधी हसूच यायचं. बुटका, रुंद बांधा. जन्मभर खोकी उचलल्यामुळे मोकळ्या हातांनीसुद्धा ती खोकं धरल्यासारखी मागे झुकून चालते. आवाज असा की कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीतला माणूस 'ओ' देईल. नवरा जिवंत होता तेव्हाही त्याच्याकडे निवांत बघायला तिला फुरसत मिळाली नाही, आणि तोही काही फार बघण्यासारखा नव्हता. आता ही बाई कोणाला ठेवणार आणि कुठे? खोलीत एक कॉट, एक कपाट, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. तिसऱ्याला उभं राहायलाही जागा नाही.

पण डबे दोन होते, हे खरं. ते समजायचं तर आधी गोदामात शिरायला हवं.

अंजूरफाट्याच्या पुढे हेमराजशेठचं गोदाम होतं. साबण, बिस्किटं, मिक्सर, वह्या, जे मुंबईत मावत नाही ते तिथे. मंदा तिथे पॅकिंगला होती. खोकी बंद करायची, पट्टी मारायची, लेबल चिकटवायचं. दाराशी रुळाचा तुकडा टांगलेला. एक वाजला की वॉचमन त्याच्यावर सळई हाणायचा, आणि सगळं गोदाम जिथल्या तिथे काम टाकून जेवायला बसायचं. खोक्यांचे पुठ्ठे अंथरायचे आणि बसायचं. हमाल, पॅकिंगच्या बाया, ड्रायव्हर, सगळे.

एकट्या सुमतीबाई कर्णिक केबिनमध्ये जेवायच्या, दार लावून. त्या बिलं करायच्या. निजामपुऱ्याच्या अलीकडच्या आळीतलं जुनं घर, वडील कोर्टात कारकून, स्वतः बिनलग्नाच्या. सुती साडी कडक इस्त्रीची आणि खांद्यावर पिन. त्यांच्याशी बोलायचं तर लोक आधी मनात वाक्य जुळवायचे.

एका दिवाळीला हेमराजशेठने सगळ्यांना डबे वाटले. तीन कप्प्यांचे, स्टीलचे. शेठने एकाच दुकानातून घाऊक उचललेले, त्यामुळे हमालापासून हिशेबनिसापर्यंत एकच डबा. भाऊबीज संपली, गोदाम उघडलं आणि सगळे आपापला नवा डबा मिरवत आले. फळीवर एकासारखा एक, ओळीने. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की खूण करून ठेवावी. एक वाजला, रूळ वाजला आणि जो तो हाताला येईल तो डबा घेऊन बसला.

थोड्या वेळाने केबिनचं दार उघडलं. सुमतीबाई उघडा डबा हातात धरून बाहेर आल्या.

"हा कोणाचा?"

मंदा उभी राहिली. तोंडात घास होता. "माजा हाय, बाई. तुमचा… तुमचा मी खाल्ला."

"सगळा?"

"थोडं बिरडं ऱ्हायलंय."

"मग मी काय उपाशी मरू? सरक तिकडे." आणि इस्त्रीच्या साडीसकट सुमतीबाई पुठ्ठ्यावर बसल्या.

"बाई, सुकट हाय त्यात."

"कळलं. नाक आहे मला. कर्णिकांच्या घरात मासळीला नाही म्हणत नाहीत. कोकम विसरलीस तेवढं."

तिथे बसलेल्यांपैकी काहींनी सुकटीसाठी श्वास रोखला होता, आणि काहींनी दुसऱ्याच गोष्टीसाठी: कोणाच्या घरचा डबा कोण खातंय, त्यासाठी. सुमतीबाईंनी बोटं चाटली तेव्हा दोन्ही श्वास एकदम सुटले.

त्या दिवसापासून दोघींनी आपापला डबा परत मागितलाच नाही. मंदा घरून डबा भरून आणायची तो सुमतीबाईंसाठी. सुमतीबाई आणायच्या तो मंदासाठी. आपण भरलेलं आपण खायचं नाही, असा कायदा झाला. आता तुम्हाला वाटेल, काय हे प्रेम! प्रेम कसलं, रोजची खडाखडी. भांडण झालं की सुमतीबाई ओळीने दुधी पाठवायच्या. मंदा उत्तरादाखल बिनमिठाची उसळ. "काय गं, मिठाचा संप आहे का तुझ्या घरी?" "संप तुमच्याकडनंच शिकले, बाई." चौदा एप्रिलला मंदाच्या डब्यात खीर आणि सुमतीबाईंचा शेरा ठरलेला: "खीर बरी आहे. वेलची मात्र लाजत लाजत घातली आहेस."

आणि जेवताना बोलणं! हेमराजशेठ केसांचा टोप घालतो की नाही, इथपासून कोणाच्या सुनेने माहेरी जाऊन पाय पसरले, इथपर्यंत. भिवंडीतल्या बातम्यांचा निम्मा माल त्या पुठ्ठ्यावरून सुटायचा. चांगल्या प्रतीचा, ताजा. आता तसा मिळत नाही.

मग शेठ थकले. मुलांना खोक्यांत रस नव्हता, त्यांना जमिनी विकायच्या होत्या. गोदाम शीघ्रवाह नावाच्या बंगळुरूच्या कंपनीने घेतलं. गेटवर निळी पाटी आली, सगळ्यांना निळे शर्ट आले, बायकांनी ते साडीवर चढवले. रुळाचा तुकडा भंगारात गेला, भोंगा आला. जेवणाची सुट्टी तासाची अर्ध्या तासावर आली. सुमतीबाई म्हणाल्या, "ठीक आहे, आता तू बोलताना श्वास घेऊ नकोस." चाललं.

दोन-चार वर्षांत पुन्हा कुजबुज सुरू झाली. गेटसमोर भाऊची चहाची टपरी आहे. भाऊ पेपर मोठ्याने वाचतो, कारण त्याचं म्हणणं, मनात वाचलेली बातमी मुरत नाही. "ओरिडॉन शीघ्रवाहला घेणार," भाऊने वाचलं. "शेजारच्या दोन्ही गोदामवाल्या कंपन्यांनाही घेणार. विलीनीकरण म्हणतात."

"म्हणजे लग्न?" कोणीतरी विचारलं.

"लग्नात निदान जेवण असतं," भाऊ म्हणाला. "ह्याच्यात एक जेवतो, दुसरा जेवण होतो."

तेव्हा खरोखरच लोक घाबरले होते. टेम्पोवाल्यांना वाटलं, माल देणारी कंपनी एकच उरली तर भाडं तीच ठरवणार. ज्यांच्या जमिनीवर गोदामं होती त्यांना वाटलं, आता करार तिच्या मर्जीने. शेवटी कंपनीने फाट्याजवळच्या एका लग्नाच्या लॉनवर सभा ठेवली. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं तशीच होती. त्या फुलांखाली ओरिडॉनचा अनिमेष नावाचा एक तरुण साहेब उभा राहिला. बोलायला गोड, शर्ट पांढरा. म्हणाला, काळजी नको, एकाचीही नोकरी जाणार नाही.

एक हमाल उठला. "साहब, एक गेट से निकालते थे तो बगलवाले गेट पे जाके खड़े हो जाते थे. अब तो सब गेट आपके. निकालोगे तो जाएँगे किधर?"

अनिमेष म्हणाला, "निकालनेका सवालही नहीं है."

टाळ्या पडल्या नाहीत. मग मंदा उठली. तिच्या आवाजाला माईक लागत नाही.

"साहेब, माजं एकच इचारणं हाय. जेवायला सगळ्यांना एकदम सोडणार ना?"

लॉनभर हशा पिकला. भाडं, करार, नोकऱ्या चालल्यात आणि ही जेवण विचारते! जमीनवाल्यांपैकी एकाने तर गुडघ्यावर थाप मारली. हसला नाही तो अनिमेष. हेच त्याचं वाईट. त्याने गंभीर चेहऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, "मावशी, खूप चांगली सूचना आहे. आम्ही नक्की विचारात घेऊ." एवढं ऐकल्यावर शेजारी बसलेल्या सुमतीबाई मंदाच्या कानात पुटपुटल्या, "संपलं."

संपलंच. पाटी बदलली, आता हिरवी. फाट्यापुढची सगळी गोदामं एकाच हिरव्या रंगात, सरकारी बसस्टॉपसारखी. अनिमेषने दिलेला शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. एकाचीही नोकरी गेली नाही. फक्त बिलांचं काम हैदराबादला नेलं, कारण तिन्ही कंपन्यांची बिलं तिथे एकत्र होणार होती. सुमतीबाईंना सांगितलं, तुमची नोकरी आहे, हैदराबादला आहे. त्यांनी चष्मा पुसला, राजीनामा दिला आणि डोंबिवलीला भाचीकडे, नीरजाकडे राहायला गेल्या. आळीतलं घर एव्हाना भावांनी बिल्डरला दिलेलंच होतं. जाताना मंदाला म्हणाल्या, "उद्यापासून तुझं तू बनवलेलं तुलाच खावं लागणार. बघ आता, मी काय सोसलं ते."

आणि मंदा? मंदाची नोकरी जिथल्या तिथे होती. पण प्रत्येकीच्या हातात एकेक यंत्र आलं. खोक्यावर धरलं की टूं करतं, आणि पुढे काय करायचं ते सांगतं. जेवायला कधी जायचं तेही तेच सांगतं, आणि रोज वेगळं. काम थांबू नये म्हणून माणसांना एकेक करून सोडायचं, अशी नवी पद्धत. टेबल-खुर्च्यांची लख्ख खोली बांधली, भिंतीवर हसऱ्या कामगारांचं चित्र लावलं. चित्रात सात जण एकत्र जेवत होते. खोलीत मंदा एकटी.

तिने अनिमेषला गाठलं. "साहेब, माजी न् करिष्माची सुट्टी तरी एकत्र करा." करिष्मा ही पॅकिंगमधली नवीन मुलगी.

"मावशी, ते माझ्या हातात नाही. सिस्टीम ठरवते."

"मग त्या सिस्टीमला सांगा."

अनिमेष हसला. सभेत हसला नव्हता, आता हसला.

एकदा नशिबाने दोघींचं यंत्र एकदम वाजलं. मंदाने तेव्हा दोन डबे आणायला सुरुवात केली होती. लगबगीने दुसरा डबा करिष्मापुढे सरकवला. करिष्माने कानातली एक बोंडी काढली. "काय मावशी?"

"घे की. वालाचं बिरडं हाय. बाईंच्या हातचं शिकलेय."

"नको मावशी, मी दुपारचं फक्त काकडी खाते." बोंडी परत कानात. पोरगी वाईट नाही बरं का. नंतर मंदाचं यंत्र अडकलं तेव्हा तिनेच चालू करून दिलं.

मग एका रविवारी मंदा डोंबिवलीला गेली. नवी साडी, हातात डबा. नीरजाने दार उघडलं, या या म्हणाली, सोफ्यावर बसवलं. सुमतीबाई आतून आल्या. साडी नव्हती, गाऊन होता, आणि गाऊनला कोण पिन लावणार? दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. मग कोणालाच काही सुचेना. बोलायचं तर कोणावर? शेठ वारले होते. भोंगा नव्हता. नीरजाच्या सोसायटीतल्या माणसांना मंदा ओळखत नव्हती आणि हिरव्या पाटीखालच्या माणसांना सुमतीबाई. जेवण टेबलावर, काचेच्या ताटात. नीरजाने वाढलं, दोघींना एकच, बिनतेलाचं. मंदाने आणलेला डबा तिने कौतुकाने फ्रिजमध्ये ठेवला. "मावशीला साखर आहे ना, रात्री थोडं देईन चवीला."

निघताना सुमतीबाई दारापर्यंत आल्या. "कोकम घातलंस का आज?"

"घातलंय."

"बरं."

रिकामा डबा परत न्यायला मंदा पुन्हा काही गेली नाही. बाजारातून तसाच एक नवा आणला, तीन कप्प्यांचा. सुमतीबाईंचा फोन सुरुवातीला दर रविवारी यायचा. मग सणासुदीला यायला लागला.

इथून वनिताचा पुरावा सुरू होतो. सकाळी दोन डबे भरणं तिने भिंतीआडून ऐकलंच होतं. आता तिने संध्याकाळी मंदाची पाठ धरली. मंदा ड्युटी संपवून सरळ चाळीत येत नव्हती. वऱ्हाळा तळ्यावर जायची. काठाला एक लांब दगडी बैठक आहे, तिच्या एका टोकाला बसायची आणि डबा बाजूला, मोकळ्या जागेवर ठेवायची. पाण्याकडे बघत राहायची. वनिता पिंपळाआडून पाहत होती. बघता बघता एक माणूस मंदाजवळ आला, वाकून काहीतरी बोलला आणि गेला. वनिताला आणखी काय हवं? ती तशीच माघारी आली. पुढचं पाहायला थांबली असती तर या गोष्टीत फारसं काही उरलं नसतं.

माणूस होता दामू उबाळे. लूम बंद पडल्यापासून तो तळ्यात गळ टाकून बसतो. मासा लागलेला कोणी पाहिलेला नाही. त्याने फक्त किती वाजले ते विचारलं होतं.

बातमी आठवड्याच्या आत फाट्यापर्यंत पोचली. तिचा एक परिणाम असा झाला की दामूने केस काळे केले. खरंच. बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा नाव मिळालं होतं, त्याला ते सोडवेना. एका संध्याकाळी काळे केस चापून बसवून तो मंदाच्या बैठकीजवळ आला. गळ बरोबर नव्हता.

"बसू का?"

मंदाने डबा जिथे होता तिथून हलवला नाही. "जागा भरलेली हाय, दामूदादा."

दामूने मोकळ्या दगडाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि तो पलीकडच्या काठाला बसायला गेला. केसांचा रंग उतरायला पुढे दोन महिने लागले.

दुसरा परिणाम नाशिकहून आला. सुगतचा फोन. मंदा फोनवर बोलते तेव्हा चाळीला वेगळी बातमी काढावी लागत नाही.

"आई, इथपर्यंत फोन येतात मला. काय चाललंय?"

"काय चाललंय?"

"कोणासाठी डबा भरतेस तू?"

पलीकडे मुलगा थांबला, इकडे भिंतीला कान लावलेली वनिता थांबली. मंदाने तोंड उघडलं असणार, कारण श्वास ऐकू आला. खरं सांगितलं असतं तर सुगत त्याच रात्री म्हणाला असता, आई, नोकरी सोड, खोली सोड, इकडे ये. तिकडे त्यांच्या घरी दोघं दोन शिफ्टला, जेवण झाकून ठेवलेलं, ज्याने त्याने आल्यावर गरम करून घ्यायचं. दिवाळीत चार दिवस मंदाने ते पाहून घेतलं होतं.

"हाय एक जण," मंदा म्हणाली.

त्यानंतर सुगत बराच वेळ बोलला. मंदा "बरं" म्हणाली, "जेवलास का?" म्हणाली आणि फोन ठेवला. पुढचे तीन महिने त्याने फोन केला नाही.

पण मंदाला त्या खोट्याची गोडी लागली. मासळीबाजारात वनिता दिसली की ओल्या बोंबलाचा वाटा मोठा घ्यायची आणि न विचारता सांगायची, "त्यांना तिखटच लागतं." माघी पौर्णिमेच्या सुमारास एकटीच एसटीने वज्रेश्वरीला जाऊन, कुंडाच्या गरम पाण्यात पाय बुडवून आली. चाळीत शिरताना वनिताने हटकलं, "कुठे गं?" तर म्हणाली, "आम्ही वज्रेश्वरीला गेल्तो." 'आम्ही' म्हणताना तिचा चेहरा बघायला हवा होता. वनिताला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि मंदाशी मात्र चाळीतली एकूणएक बाई बोलू लागली. नळावर जागा मिळायला लागली. कोणी वाटी घेऊन यायचं, साखर मागायच्या निमित्ताने, आणि खोलीभर नजर फिरवून जायचं. इतकी माणसं तिच्या दाराशी कैक वर्षांत आली नव्हती. पण येणारी सगळी उभ्या उभ्याच जायची. ताट घेऊन कोणी बसलं नाही.

टपरीवर भाऊने एकदा छेडलंच. "मंदाताई, आता खरं सांगून टाका. आम्ही काय परके?"

मंदाने चहा फुंकला. "भाऊ, कोणी हाय म्हणलं तर लोकं जळतात. कोणी न्हाय म्हणलं तर कीव करतात. जळू दे."

भाऊने पेपर उघडला. ओरिडॉनलाच आता परदेशातली कोणी मोठी कंपनी घेणार अशी बातमी होती. त्याने ती मोठ्याने वाचली. टपरीवरचे लोक पुन्हा घाबरले, पुन्हा भांडले, पुन्हा सभा होणार का म्हणून विचारू लागले. मंदाने पेला विसळून ठेवला आणि पिशवी उचलली. पिशवीत एक डबा रिकामा वाजत होता, एक नव्हता. ती तळ्याच्या दिशेने निघाली.

तेव्हा ज्यांनी ज्यांनी ती बातमी ऐकली किंवा पुढे ढकलली, त्यांच्यासाठी सांगतो. मंदा शेलारने कोणालाही ठेवलं नव्हतं. पहिला डबा ती दुपारी गोदामात खायची. दुसरा ती सुमतीबाईंसाठी भरायची, आणि संध्याकाळी तळ्यावर स्वतःच खायची.